पाऊस आला, पाणी कुठे गेले?

सलग तीन वर्षे कॅलिफोर्निया पावसासाठी आसुसलेला होता. २०२० ते २०२२ ही तीन वर्षे त्या राज्याच्या नोंदींतील सर्वांत कोरडी सलग तीन वर्षे ठरली. जलाशयांचे तळ उघडे पडले होते. गावोगावच्या विहिरी आटत होत्या. एकट्या २०२२ मध्ये एक हजाराहून अधिक घरगुती विहिरी कोरड्या पडल्याच्या तक्रारी शासनदरबारी नोंदल्या गेल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये राज्याच्या जलप्रकल्पाने आपल्या ग्राहक संस्थांना, मागणीच्या अवघे पाच टक्के पाणी मिळेल असे कळवून टाकले आणि नाताळ उलटताच आभाळ फाटले. २६ डिसेंबर २०२२ ते १७ जानेवारी २०२३ या सुमारे तीन आठवड्यांत एकामागोमाग एक अशी नऊ वादळे प्रशांत महासागरावरून येऊन त्या किनाऱ्यावर आदळली. वर्षाच्या अखेरच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को शहरात जवळपास साडेपाच इंच पाऊस कोसळला. तेथील नोंदी १८४९ पासूनच्या आहेत आणि त्या साऱ्या काळात याहून अधिक पावसाचा दिवस केवळ एकच. वीसहून अधिक माणसे दगावली, महामार्ग पाण्याखाली गेले, डोंगरउतार खचले. जगातील सर्वांत धनाढ्य प्रदेशांपैकी एक असलेले हे राज्य डिसेंबरमध्ये पाणी नाही म्हणून हवालदिल होते आणि जानेवारीत पाणी आवरत नाही म्हणून.

हा अवकाळी पाऊस नव्हता, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत नक्षत्रांच्या हिशेबाने पाऊस मोजला जातो. कॅलिफोर्नियाचा पावसाळा हिवाळ्यातच असतो. वर्षाचा बहुतांश पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत पडतो आणि उन्हाळा जवळजवळ निर्जळी जातो. मात्र आपल्या मान्सूनसारखा स्थिर, दीर्घ असा प्रवाह तेथे नाही. तेथील पाऊस हा मोजक्या वादळांचा खेळ आहे. पाच-सहा वादळे आली तर सुकाळ, दोन-तीन चुकली तर दुष्काळ. या वादळांच्या पोटात जी गोष्ट असते तिला शास्त्रज्ञ ‘वातावरणीय नदी’ म्हणतात. हे नाव १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील झू आणि न्यूवेल या संशोधकांनी रूढ केले. उष्ण कटिबंधातील सागरावरून उचललेली वाफ काहीशे किलोमीटर रुंद आणि हजारो किलोमीटर लांब अशा पट्ट्यातून वाहत येते. तिच्यातील पाण्याचे वहन मिसिसिपी नदीच्या मुखाशी होणाऱ्या विसर्गाएवढे असते; बलवान पट्ट्यांत ते त्याच्या कितीतरी पटीने भरते. ही आकाशातील नदी डोंगराला धडकली, वर चढली, थंडावली की रिती होते. आपल्या कोकणात सह्याद्री जे करतो तेच तेथे किनाऱ्याजवळच्या डोंगररांगा आणि त्यांच्या मागे उभा असलेला सिएरा नेवाडा पर्वत करतो. फरक एवढाच की, सिएराच्या माथ्यावर हे पाणी बर्फ होऊन थांबते आणि उन्हाळ्यात सावकाश उतरते. निसर्गाने बांधलेले ते फुकटचे धरणच म्हणायचे.

२०२३ च्या एप्रिलच्या आरंभी सिएरातील हिमसाठा सरासरीच्या २३७ टक्के मोजला गेला. ज्या जलप्रकल्पाने पाच टक्क्यांची भाषा केली होती त्याने त्याच महिन्यात शंभर टक्के पाणी देऊ केले. २००६ नंतर प्रथमच असे घडत होते. ओरोव्हिलचा जलाशय आपल्या हिशेबाने सुमारे दीडशे टीएमसीचा, म्हणजे कोयनेच्या जवळपास दीडपट. ऑगस्ट २०२१ मध्ये तो एवढा खाली गेला होता की, तेथील वीजनिर्मिती केंद्र सुरू झाल्यापासून प्रथमच बंद ठेवावे लागले. २०२३ च्या उन्हाळ्यात तो काठोकाठ भरला. वरवर पाहता कथा येथेच संपावी. दुष्काळ पडला, पाऊस आला, धरणे भरली. खरा प्रश्न मात्र येथूनच सुरू होतो.

धरणाच्या दारांपाशी बसलेल्या अभियंत्याची अडचण सामान्य माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. एकच भिंत दोन परस्परविरोधी कामांसाठी उभी असते. उन्हाळ्यासाठी पाणी साठवायचे तर धरण भरलेले हवे, पूर अडवायचा तर ते रिकामे हवे. ओरोव्हिलनेच फेब्रुवारी २०१७ मध्ये याची प्रचीती दिली होती. मुख्य सांडव्याचे काँक्रीट उखडले, आणीबाणीच्या सांडव्याखालची माती वाहू लागली आणि सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना काही तासांत घरे सोडावी लागली. उलट बाजूचे उदाहरण लेक मेंडोसिनोचे. रशियन नदीच्या खोऱ्यातील या लहानशा जलाशयात डिसेंबर २०१२ मध्ये वादळाचे पाणी आले. कित्येक दशकांपूर्वीच्या नियमपुस्तिकेनुसार पुरासाठी जागा मोकळी ठेवणे बंधनकारक असल्याने ते पाणी सोडून देण्यात आले. त्यानंतर पाऊसच आला नाही. २०१३ हे वर्ष कोरडे ठणठणीत गेले आणि सोडलेल्या पाण्याची आठवण काढत लोक बसले. नियम पाळला गेला होता, कोणाचीही कसूर नव्हती. पण नियम ज्या काळात लिहिला गेला त्या काळी आठवडाभर आधी वादळाचा अंदाज देणारे शास्त्र अस्तित्वात नव्हते. या अनुभवातून स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतील मार्टी राल्फ यांच्या केंद्राने आणि धरणचालकांनी मिळून पूर्वानुमानाधारित धरणचालनाचा प्रयोग तेथे केला. वातावरणीय नदीच्या पोटात विमाने घालून मोजमापे घ्यायची, अंदाज नेमका करायचा आणि वादळ येणार असेल तरच पाणी सोडायचे. प्रयोग यशस्वी ठरला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडत असताना कोयना आणि अलमट्टीतून केव्हा आणि किती पाणी सोडावयास हवे होते यावर आपल्याकडे जे वादंग माजले, त्याच्या मुळाशी हाच पेच होता. आरोप-प्रत्यारोपांची धूळ बसल्यानंतर त्या पेचावर शांतपणे किती विचार झाला, हा भाग निराळा.

अशा वादळमालिका कॅलिफोर्नियाला नव्या नाहीत. १८६१ च्या डिसेंबरपासून १८६२ च्या जानेवारीअखेरपर्यंत तेथे असा पाऊस कोसळला की, मध्यवर्ती खोऱ्याचा सुमारे तीनशे मैल लांबीचा पट्टा अंतर्गत समुद्र होऊन बसला. राजधानी सॅक्रॅमेंटो बुडाली. नवनिर्वाचित गव्हर्नर लीलंड स्टॅनफर्ड यांना १० जानेवारी १८६२ रोजी आपल्या शपथविधीला होडीतून जावे लागले आणि पुढे विधिमंडळाचे कामकाजच सॅन फ्रान्सिस्कोला हलवावे लागले. राज्याची तिजोरी रिकामी झाली. त्या काळच्या वृत्तपत्रात एक लक्षणीय नोंद आढळते. पूर येण्यापूर्वीच त्या खोऱ्यातील मूळ रहिवासी आपली वस्ती सोडून उंचावर निघून गेले होते आणि पाणी गोऱ्यांनी कधी पाहिले नाही एवढे चढेल असे सांगत होते. पिढ्यान्‌पिढ्या त्या भूमीवर राहिलेल्या समाजापाशी ही स्मृती होती. सोन्याच्या शोधात अवघ्या बारा-तेरा वर्षांपूर्वी लोटलेल्या वसाहतकारांपाशी ती नव्हती आणि ज्यांच्यापाशी होती त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. त्या समाजाचा तर याच काळात पद्धतशीर उच्छेद चालू होता. भूमी जिंकली, तिचे ज्ञान मात्र जिंकणाऱ्याच्या हाती आले नाही. पुढे दीडशे वर्षांनी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने १८६२ सारखा पूर आज आला तर काय होईल याची गणिते मांडली. २०२२ मध्ये डॅनियल स्वेन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने ती नव्याने मांडून, तापलेल्या हवेमुळे अशा महापुराची शक्यता बळावली असल्याचे दाखवले. हवा जेवढी उष्ण तेवढी ती अधिक वाफ धरते, हे शालेय विज्ञान आहे. तो प्रबंध प्रसिद्ध झाला ऑगस्टमध्ये. चार महिन्यांत नऊ वादळे दारात उभी राहिली. १८६२ च्या मानाने ती सौम्यच होती.

पूर सर्वांना सारखाच बुडवतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. पाहारो या गावाची हकिकत वाचली की या म्हणण्यातील फोलपणा कळतो. त्याच नावाच्या नदीकाठचे हे तीनेक हजार वस्तीचे गाव. राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे शेतमजूर, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत राबणारे. नदीवरचा पूरबांध १९४९ चा. तो अपुरा आहे हे सरकारी यंत्रणेला १९६० च्या दशकापासून ठाऊक होते. १९९५ मध्ये तो फुटून गाव बुडालेही होते. तरीही दुरुस्ती होईना, कारण खर्च आणि लाभ यांचे सरकारी गणित जुळत नव्हते. लाभ मोजायचा म्हणजे वाचणाऱ्या मालमत्तेची किंमत मोजायची आणि मजुराच्या घराची किंमत ती काय असणार! ११ मार्च २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, हिवाळी वादळांच्या दुसऱ्या फेरीत तो बांध फुटला. लोकांना अंधारात घरांतून काढावे लागले. मळे बुडाल्याने मजुरी गेली आणि ज्यांच्यापाशी कागदपत्रे नव्हती त्यांना केंद्रीय मदतीचे दारही बंद होते. नव्या बांधाचे काम प्रत्यक्षात सुरू झाले ते २०२४ च्या ऑक्टोबरात. सरकारी टेबलावर मांडलेल्या त्या बेरीज-वजाबाकीत एकही आकडा खोटा नव्हता. आकडे खरे असूनही हिशेब अन्यायाचा असू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

त्याच मार्च महिन्यात दक्षिणेकडे, सॅन होआकिन खोऱ्याच्या तळाशी, एक नामशेष झालेले सरोवर परत आले. टुलारी सरोवर हे कधीकाळी मिसिसिपीच्या पश्चिमेकडील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर होते. योकुट समाजाचे लोक त्याला पाआशी म्हणत आणि त्याच्या काठी त्यांची भरभराटीची वस्ती होती. किंग्ज, कविया, टुली आणि कर्न या चार नद्या त्यात येऊन मिळत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या नद्यांचे पाणी कालव्यांनी वळवून सरोवर आटवण्यात आले आणि त्याच्या तळावर कापूस, टोमॅटो, पिस्ते पिकू लागले. त्या तळाच्या मोठ्या भागाची मालकी मोजक्या बड्या शेतकंपन्यांकडे गेली. तरीही सरोवर पुरते मेलेले नव्हते. १९८३ मध्ये ते आले, १९९७ मध्ये आले आणि २०२३ मध्ये पुन्हा एक लाखाहून अधिक एकरांवर पसरले. विजेचे खांब अर्धे बुडाले, शेतरस्ते थेट लाटांमध्ये शिरू लागले, स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरले. आणि मग सुरू झाला बांधांचा तंटा. कोणाचा बांध फोडायचा, कोणाचे शेत वाचवायचे? काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाला बांध फोडण्याचे आदेश द्यावे लागले, बांधांवर पहारे बसले. ज्यांचे यंत्रबळ मोठे त्यांची शेते उशिरा बुडाली. पाण्याला उतार कळतो, मालकी कळत नाही. पण पाण्याची वाट ठरवणाऱ्यांना मालकी चांगली कळत होती.

या तळाची आणखी एक गंमत अशी की, तो सतत खाली जातो आहे. पाऊस नसतो तेव्हा शेतकरी जमिनीखालचे पाणी उपसतात. विंधनविहिरी खोल, आणखी खोल होत जातात. पाणी गेले की मातीचे थर दबतात आणि जमीन खचते. मेंडोटा गावाजवळ जोसेफ पोलंड या भूजलतज्ज्ञाचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. खांबाशेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या कितीतरी वर, खांबाच्या टोकाकडे, १९२५ ची पाटी लावली आहे आणि पायाशी १९७७ ची. बावन्न वर्षांत जमीन सुमारे नऊ मीटर खाली गेली होती. एकदा दबलेले थर पुन्हा फुगत नाहीत. पाणी साठवण्याची ती जागा कायमची जाते. एवढे होऊनही राज्याला भूजलाचा कायदा करायला २०१४ साल उजाडले आणि त्याची उद्दिष्टे गाठायची मुदत ठरली २०४० च्या आसपासची. तोपर्यंत उपसा चालू. पूर्व पोर्टरव्हिलसारख्या गरीब वस्तीत २०१४ मध्ये शेकडो घरांच्या विहिरी आटल्या आणि लोकांना बाटलीबंद पाण्यावर दिवस काढावे लागले; शेजारच्या बागांना मात्र खोल विहिरींचे पाणी होते.

त्या बागा कशाच्या, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हरकत नाही. जगातील बदामाचे सुमारे ऐंशी टक्के उत्पादन कॅलिफोर्नियात होते आणि त्या बदामाचा परदेशातील सर्वांत मोठा ग्राहक भारत आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलाच्या हातावर ठेवले जाणारे भिजवलेले बदाम आणि दिवाळीच्या भेटीतला सुका मेवा बहुधा त्याच खोऱ्यातून आलेला असतो. सॅन होजे, फ्रीमाँट, सनीवेल येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी ही वादळे खिडकीतून पाहिली. येथील कुटुंबांचा त्या पाण्याशी असलेला संबंध डब्यात बंद आहे, एवढेच.

या वादळांतून घडलेली एक चांगली गोष्ट सांगितली नाही तर चित्र एकांगी होईल. मार्च २०२३ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी पुराचे पाणी शेतांत सोडून जमिनीत मुरवण्यावरचे परवान्यांचे अडसर तात्पुरते दूर केले. हिवाळ्यात बदामाची झाडे सुप्तावस्थेत असतात, तेव्हा काही काळ मुळाशी पाणी साचले तरी ती टिकतात, हे तेथील काही शेतकऱ्यांनी आधीच आजमावून पाहिले होते. त्या जलवर्षात ४१ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे १७८ टीएमसी पाणी जाणीवपूर्वक भूगर्भात मुरवले गेले. आपल्या जायकवाडीच्या एकूण साठ्याच्या पावणेदोन पटीच्या जवळपास! त्यासाठी नवी भिंत बांधावी लागली नाही, कोणाचे गाव उठवावे लागले नाही. ही बुद्धी चार दशके आधी सुचली असती तर? पण हे मुरवणेही पाऊस पडला त्या वर्षापुरतेच. पुढच्या कोरड्या वर्षी पंप पुन्हा सुरू होतात.

लॉस एंजेलिसने तर पाणी मुरण्याची वाटच बुजवून टाकली होती. १९३८ च्या हिवाळी पुरात शंभराहून अधिक माणसे गेल्यावर लष्कराच्या अभियंत्यांनी तेथील नदीला काँक्रीटचे पात्र दिले. आज ती नदी चित्रपटांतल्या मोटारींच्या शर्यतींसाठी अधिक ओळखली जाते. पाऊस पडला की पाणी सरळ समुद्रात, आणि पिण्याचे पाणी शेकडो मैलांवरून. २०२३ आणि २०२४ या दोन ओल्या हिवाळ्यांत तेथील डोंगरांवर गवत-झुडपे माजली. त्यानंतर पावसाने पाठ फिरवली, सारे वाळून कोळ झाले आणि ७ जानेवारी २०२५ रोजी वाऱ्याने पेटवलेल्या वणव्यांत पॅलिसेड्स आणि अल्टाडीना या वस्त्या राख झाल्या. १६ हजारांहून अधिक वास्तू गेल्या. म्हणजे पावसानेच आगीचे सरपण रचून ठेवले होते.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते अवघ्या देशाने पाहिले. त्याच मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने गावे वेढली, उभी पिके आणि शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. राज्याचा भूजल अधिनियम २००९ चा. कॅलिफोर्नियाच्या आधीचा. कागदावर महाराष्ट्र पुढे आहे. विंधनविहिरींची खोली आणि उसाखालचे क्षेत्र त्या कागदाला किती जुमानते, हे लातूर-धाराशिवच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे.

टुलारी सरोवर २०२४ उजाडेपर्यंत बहुतांश आटले आणि तळावर पुन्हा नांगर फिरले. त्याच्या काठच्या कॉर्कोरन शहराभोवती पूरबांध आहे. शहर खचते तसा तो बांधही खचतो; म्हणून २०१७ मध्ये तो उंचवला आणि २०२३ मध्ये पूर चालून येत असताना राज्याच्या खर्चाने पुन्हा उंचवला. एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या जलमंडळाने त्या उपखोऱ्याला, भूजल वाचवण्याचा आराखडा अपुरा असल्याबद्दल, परिवीक्षेखाली ठेवले. महिनाभरात शेतकऱ्यांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली.